प्रश्न मांडला, विचारला की लावून धरला?

उंबरठा

तालुक्याच्या साप्ताहिकासाठी आलेली एक बातमी तपासतोय. खासदारांनी संसदेत महामार्गाच्या रखडलेल्या कामाचा प्रश्न आधी 'मांडला', पुढच्या ओळीत 'उपस्थित केला', मग 'विचारला' आणि शेवटच्या परिच्छेदात 'लावून धरला'. चारही एकाच प्रसंगाबद्दल. यांत फरक करावा की चालवून घ्यावं?

दुसरी शंका. ज्याच्याकडे मंत्रिपद नाही, पक्षातही मोठं पद नाही, अशा खासदाराला 'बॅकबेंचर' म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द आहे का? 'मागच्या बाकावरचा' लिहिलं की वाचकाला वर्गातलं उनाड पोरगं आठवतं.

गॅलरीतून

फरक करायलाच हवा. घोळ 'प्रश्न' या शब्दापासूनच सुरू होतो. पाणीप्रश्न, सीमाप्रश्न, ऊसदराचा प्रश्न म्हणतो तेव्हा प्रश्न म्हणजे अडचण, गाऱ्हाणं. 'तारांकित प्रश्न' म्हणतो तेव्हा प्रश्न म्हणजे सरकारने उत्तर द्यायची विचारणा. पहिला मांडायचा, दुसरा विचारायचा. संसदेत या दोघांच्या वेळा वेगळ्या आणि वजनही वेगळं.

लोकसभेत 11 ते 12 हा प्रश्नोत्तरांचा तास. दिवसाच्या यादीत 20 तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. खरी मजा तिथेच, कारण मूळ उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं, पुरवणीला मात्र मंत्र्याची तयारी उघडी पडते. वीसपैकी मोजक्याच प्रश्नांपर्यंत गाडी पोहोचते. उरलेल्यांची उत्तरं लेखी मानून पटलावर, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत कागदपत्रांत, ठेवतात. शिवाय 230 अतारांकित प्रश्न असतात, त्यांना लेखी उत्तर. कोणाचा प्रश्न लागणार ते सोडतीने ठरतं. इथे खासदाराने प्रश्न 'विचारला' असं बेलाशक लिहा.

नंतर शून्य प्रहर. कार्यपद्धतीच्या नियमांत हे नाव सापडत नाही. 1960 च्या दशकात प्रथा पडली आणि टिकली. खासदार दोन-तीन मिनिटांत आपल्या भागाचं म्हणणं सांगतो: पीकविमा, बंद पडलेला रेल्वेथांबा, नदीवरचा पूल. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. म्हणून 'मुद्दा मांडला', बस्स. 'विचारला' छापलं की वाचक खाली उत्तर शोधत बसतो.

तिसरी जागा लोकसभेच्या कार्यपद्धतीतला नियम 377. मजकूर आधी लिहून द्यायचा, 250 शब्दांच्या आत, आणि तोच वाचायचा. वेळ नसला तर न वाचताच पटलावर ठेवला जातो. मग तो 'मांडला' हे अगदी शब्दशः खरं ठरतं! मंत्रालयाचं उत्तर पुढे कधीतरी पत्राने येतं. राज्यसभेत यालाच 'विशेष उल्लेख' म्हणतात.

'उपस्थित करणे' सरकारी धाटणीचं आहे आणि कुठेही चालतं. पण चालतं म्हणूनच ते काही सांगत नाही. बातमी कुठल्या आयुधाची, म्हणजे सभागृहात म्हणणं मांडायच्या कुठल्या ठरलेल्या मार्गाची, आहे हे माहीत असेल तर ते टाळावं.

शब्दवेडा

गॅलरीतून यांच्याशी सहमत, पण 'शून्य प्रहर' मला कधीच पचला नाही. प्रहर म्हणजे तीन तास, दिवसरात्रीचे आठ. इथे जेमतेम तासभर मिळतो, कधी तेवढाही नाही. 'शून्य तास' म्हटलं असतं तर निदान हिशेब जुळला असता. हिंदीवाल्यांनी 'शून्यकाल' करून तासांच्या भानगडीतून सुटका करून घेतली.

आणि शून्य कुठून आलं म्हणावं, तर बारा वाजता सुरू होतो म्हणून, असं सांगतात. राज्यसभेने 2014 मध्ये प्रश्नोत्तरांचा तास दुपारी बाराला नेला आणि शून्य प्रहर अकराला आणला. म्हणजे तिथे शून्यही गेलं आणि प्रहर तर नव्हताच.

पाणवठा

'बॅकबेंचर'साठी 'बिनखात्याचा खासदार' कसं वाटतं? ऐकायला झकास आहे.

गॅलरीतून

झकास आहे, पण नको. 'बिनखात्याचा मंत्री' हे खरोखरीचं पद आहे. वाचक तिकडे भरकटेल.

नियमांच्या भाषेत एक शब्द तयार आहे: 'अशासकीय सदस्य'. जो मंत्री नाही तो. त्याचं ते अशासकीय विधेयक, त्याचा तो अशासकीय ठराव. यांच्यासाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास राखलेले असतात आणि तोवर निम्मे सदस्य मतदारसंघाच्या गाडीत किंवा विमानात बसलेले असतात. आजवर अशी 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. मात्र या शब्दात विरोधी पक्षनेताही येतो. त्याला कोणी बॅकबेंचर म्हणणार नाही.

बाकांचं गणितही आपल्याकडे निराळं आहे. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. पुढच्या रांगेतल्या जागा पक्षांना संख्याबळाप्रमाणे मिळतात. त्यामुळे दोन खासदारांच्या पक्षाचा सर्वेसर्वाही मागे बसलेला दिसतो. ब्रिटनमध्ये पुढचा बाक म्हणजे मंत्री आणि त्यांच्यासमोर विरोधकांचे प्रतिमंत्री, म्हणजे एकेका खात्यावर लक्ष ठेवायला नेमलेले सदस्य. बाकीचे सगळे मागचे, मग अनुभव कितीही असो. 1930 च्या दशकात चर्चिल तिथेच बसून जर्मनीच्या शस्त्रसज्जतेवर सरकारला धारेवर धरत होते. याआधी ते अर्थमंत्री होऊन गेलेले!

तेव्हा तुमच्या साप्ताहिकात सरळ 'मंत्रिपद नसलेले खासदार' लिहा. ब्रिटिश संसदेवर लिहीत असाल तर 'बॅकबेंचर' देवनागरीत ठेवा.

राजापूरकर

'मागच्या बाकावरचा' या शब्दाची लाज का वाटावी? फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच, रायबरेलीचे खासदार, मंत्री कधीच नव्हते. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवल्याचं प्रकरण त्यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध बाहेर काढलं. न्यायमूर्ती छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. संसदेत जे बोललं जातं त्याचा प्रामाणिक वृत्तांत छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा 1956 चा कायदा हेही त्यांचंच अशासकीय विधेयक, वर सांगितलेल्या चौदांतलं. आणीबाणीत तो रद्द केला, 1977 मध्ये परत आणला.

आता 'लावून धरणे'बद्दल. हे क्रियापद एका भाषणाला लावूच नये. ते वर्षांनी मोजायचं असतं. आमच्या राजापूरचं उदाहरण घ्या. मधु दंडवते 1971 ते 1991 इथले खासदार. कोकण रेल्वे त्यांनी विरोधात असताना मागितली, मधे 1977 ते 79 स्वतः रेल्वेमंत्री झाले, मग पुन्हा विरोधात. महामंडळ 1990 मध्ये निघालं आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला 1998 उजाडलं. याला म्हणतात लावून धरणं. हल्ली फ्लेक्सवर 'खासदारसाहेबांच्या पाठपुराव्याला यश' असतं आणि पाठपुरावा म्हणजे मंत्र्यांना दिलेलं एक निवेदन आणि त्याचा फोटो.

त्यांच्या आधीचे नाथ पै तर स्थानिक आणि राष्ट्रीय अशी वाटणीच ठेवत नव्हते. संसदेला मूलभूत हक्कांत कपात करणारी दुरुस्ती करता येणार नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, 1967 मध्येच, मूलभूत हक्कांसह घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून विधेयक आणलं ते विरोधी बाकावरच्या या कोकणातल्या समाजवाद्याने. ते मंजूर झालं नाही, पण 1971 मध्ये सरकारने 24 व्या घटनादुरुस्तीत तोच रस्ता धरला. तेव्हा नाथ पै हयात नव्हते.

शब्दवेडा

मग 'वाचा फोडणे' कुठे बसवायचं? मला ते 'आवाज उठवणे'पेक्षा शंभरपट आवडतं. 'आवाज उठवणे' हिंदीतून आलंय आणि त्यात बोलणाराच मोठा होतो. 'अन्यायाला वाचा फोडली' म्हटलं की ज्याला बोलता येत नव्हतं तो बोलू लागतो, खासदार बाजूला राहतो. मात्र 'चर्चेला तोंड फोडलं' याचा अर्थ चर्चा सुरू केली एवढाच. परवा एका बातमीत 'शेतकऱ्यांच्या प्रश्नाला तोंड फोडले' वाचलं आणि हसावं की रडावं कळेना.

गॅलरीतून

एक सुंदर आयुध राहून गेलं: कपात सूचना. अर्थसंकल्पातल्या एखाद्या खात्याची खर्चासाठीची मागणी चर्चेला आली की सदस्य ती कमी करण्याची सूचना देऊ शकतो. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा असं म्हणायचं. काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कापा म्हणायचं. आणि नुसतं गाऱ्हाणं घालायचं असेल तर मागणी 100 रुपयांनी कमी करा! हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये. ही लाक्षणिक कपात. शंभर रुपयांशी कोणाला काही देणंघेणं नसतं. त्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातल्या अर्धवट राहिलेल्या धरणाचं नाव सभागृहाच्या कागदावर येतं. इथे क्रियापद 'सूचना दिली' किंवा 'सुचवली', आणि मंजूर होण्याची अपेक्षा देणाऱ्यालाही नसते.

उंबरठा

आभार. बातमीदाराला फोन केला. खासदार शून्य प्रहरात बोलले होते. त्यामुळे 'मुद्दा मांडला' ठेवलं, बाकी तीन उडवली. रस्त्याचं काम कधी होणार याला उत्तर मिळालेलं नाही, तेही एका ओळीत घातलं. आता शेवटचं: त्याच दिवशी गोंधळ झाला, त्यात 'सदस्य हौद्यात उतरले' असं लिहिलंय. हौदात की हौद्यात?

शब्दवेडा

हौद असेल तर हौदात. हौद्यात म्हणजे हौदा, हत्तीवरचा, आणि त्यात चढतात, उतरत नाहीत. वर्तमानपत्रांनी 'हौद्यात' इतकं रुळवलंय की आता कोणी थांबवू शकेल असं वाटत नाही.

पाणवठा

'अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत' लिहा. लांब आहे, पण पाणीही नाही आणि हत्तीही नाही.