पोपला एवढं बळ दिलं कोणी?

पाटीपेन्सिल: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'पोपांनी नरकाची भीती घातली आणि राज्यं खिशात घातली, मध्ययुगाचा इतिहास एवढाच.' वाचून राहवलं नाही. भीती होतीच, पण भीतीने पोटं भरत नाहीत. पश्चिमेत रोमन कारभार कोसळल्यावर शहरात हिशेब ठेवणारा माणूस उरला तो बिशप, म्हणजे तिथला चर्चप्रमुख. पोप पहिला ग्रेगरी (५९०-६०४) चर्चच्या जमिनींचं धान्य रोममध्ये वाटत होता, इटलीत घुसलेल्या लोंबार्ड टोळ्यांशी तहाची बोलणी करत होता. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाचा सुभेदार तिकडे रावेन्नात बसून होता. पुढे जर्मन राजांनी बिशपांना परगणे दिले, कारण बिशपला औरस वारस नाही. तो मेला की नवा माणूस नेमायला राजा मोकळा. राजांनीच ताट वाढून दिलं!

नदीकाठ: मग १०७७? जर्मन राजा चौथा हेन्री ऐन जानेवारीत इटलीतल्या कॅनोसाच्या किल्ल्याच्या दाराशी पोपची माफी मागत तीन दिवस उभा. अनवाणी, अंगावर लोकरीचं साधं वस्त्र. पोप सातव्या ग्रेगरीच्या पत्रातच आहे. त्याआधी चर्चचा बहिष्कार पडताच हेन्रीचे सरदार फिरले होते. ही भीती नाही?

पाटीपेन्सिल: सरदारांना निमित्त हवं होतं, जर्मनीतले सॅक्सन आधीपासून बंडात होते. १०८४ मध्ये त्याच हेन्रीने रोम घेतलं आणि ग्रेगरी १०८५ मध्ये सालेर्नोत परागंदा होऊन वारला.

जुना_सातबारा: खोटा कागद विसरलात दोघंही. कॉन्स्टंटाईनचं दानपत्र! म्हणे या रोमन बादशहाने अख्खी पश्चिम पोपला देऊन टाकली. १४४० मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन पंडिताने त्याची लॅटिन तपासून बनावट ठरवलं, तोवर शतकं उलटली होती. कागदाची ताकद मला विचारा. आजोबांची दीड एकर एका संमतीपत्रावर भाऊबंदांच्या नावे झाली. त्यावर अंगठा होता. अंगठा! आजोबा जन्मभर मोडीत सही करायचे.

रेवदंडेकर: फेरफाराला मुदतीत हरकत का नाही घेतली?

जुना_सातबारा: वडील मुंबईला गिरणीत, नोटीस गावात चावडीवर चिकटवलेली. कोण वाचणार होतं? वीस वर्षं तारखांना जातोय. माहीत नसताना शहाणपण शिकवू नका.

रेवदंडेकर: शिकवत नाही. आमचीही वाडी अशीच गेली, म्हणून चिडून विचारलं. मूळ दस्त मागवा, सहीचा नमुना जोडा.

जुना_सातबारा: जोडलाय. समोरचा वकील म्हणतो, म्हातारपणी हात थरथरत असेल.

पाटीपेन्सिल: अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं. तरी सांगतो, पोपना इटलीतला मुलूख ७५६ मध्ये फ्रँक राजा पेपिनच्या तलवारीने मिळाला. पोप नवव्या लिओने दानपत्र बायझंटाइनांपुढे, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलवाल्यांपुढे, टाकलं ते १०५४ मध्ये.

जुना_सातबारा: तलवारीने मिळालेलं टिकवायला कागद लागतोच. आमच्या भाऊबंदांनीही आधी बांध कोरला, मग कागद आणला.

नदीकाठ: वारसाचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण ११२२ मध्ये वर्म्सच्या तहात जर्मन बादशहाला बिशपला पदाची खूण म्हणून अंगठी आणि धर्मदंड देण्याचा हक्क सोडावा लागला, म्हणजे वाढलेलं ताट पुरतं परत आलं नाहीच. आणि नुसत्या निमित्तापायी राजा तीन दिवस बर्फात पाय गोठवत नाही.