१६ पैकी १५ जिंकलेली टीम खरंच तेवढी चांगली असते का? प्रश्न विनिपेग जेट्सचा

तापीकाठ, भुसावळ

मंडळी, प्रश्न आइस हॉकीचा आहे. २०२४-२५ मध्ये विनिपेग जेट्सने पहिल्या १६ सामन्यांतले १५ जिंकले. आधी सलग ८, मग टोरंटोकडून एक हार, मग पुन्हा सलग ७. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) १६ सामन्यांत १५ विजय त्याआधी कुणाचेच नव्हते. हंगाम संपला तेव्हा ८२ सामन्यांत ११६ गुण आणि लीगमध्ये पहिला नंबर.

आता दुसरं उदाहरण. बफेलो सेबर्स, २०१८-१९. नोव्हेंबरमध्ये सलग १० विजय, २५ सामन्यांनंतर अख्ख्या लीगमध्ये वर. शेवटी गुण ७६, प्लेऑफही (साखळीनंतरची बाद फेरी) नाही.

दोन्हींची सुरुवात डोळे दिपवणारी, शेवट मात्र दोन टोकांना. मला विचारायचंय ते हे: पंधरा-वीस सामने झाले असताना हा फरक कशावरून ओळखता आला असता? गुणतक्त्यातला कोणता रकाना बघायचा, हाताने काय मोजता येतं, आणि मोजताना कुठे चुकतं? "टीममध्ये एकी आहे, पोरं जीव तोडून खेळताहेत" असली उत्तरं नकोत, ती समालोचक देतातच.

ब्लूलाइन, धुळे

भो, आधी वजाबाकी करा. एनएचएलमध्ये विजयाला २ गुण, ओव्हरटाइम (बरोबरीनंतरचा जादा वेळ) किंवा शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू एकट्या गोलकीपरसमोर) हरलं तरी १. जेट्सचे पहिल्या १६ मधून ३० गुण झाले. उरलेल्या ६६ मधून ८६, म्हणजे सामन्यामागे १.३०. हाच वेग पूर्ण हंगामाला लावला तर १०७ च्या आसपास येतात. आणि आदल्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, त्यांचे गुण होते ११०. रिक बोनेस निवृत्त झाले, त्यांचे सहायक स्कॉट आर्नियल मुख्य प्रशिक्षक झाले, पण मुख्य खेळाडू तेच राहिले. म्हणजे सुरुवातीचा फुगा काढून टाकला की खाली जवळपास आदल्या वर्षीचीच टीम सापडते. आश्चर्य बातम्या लिहिणाऱ्यांना वाटलं, गुणतक्ता वाचणाऱ्याला फारसं वाटायला नको होतं.

सेबर्सचं उलट. १७ विजय, ६ हार, २ जादा वेळेतल्या हारी, असे २५ सामन्यांतून ३६ गुण. उरलेल्या ५७ मधून फक्त ४०, सामन्यामागे ०.७०. आदल्या हंगामात ते ६२ गुणांसह लीगमध्ये तळाला होते.

भाकितासाठी एक ढोबळ रीत आहे. झालेल्या सामन्यांत सरासरी टीमचे ३५ काल्पनिक सामने मिसळायचे. सरासरी टीम सामन्यामागे साधारण १.१२ गुण मिळवते (जादा वेळेच्या गुणामुळे हा आकडा १ च्या वर जातो), म्हणून ३५ सामन्यांचे ३९ गुण. जेट्ससाठी: ३० अधिक ३९, भागिले ५१, येतात १.३५. त्याला ६६ ने गुणा, ८९ होतात. हातातले ३० मिळवा, ११९. प्रत्यक्षात ११६. रीत बरी चालली.

सेबर्सना हीच रीत लावली तर १०७ येतात, प्रत्यक्षात ७६! तिथे ही रीत तोंडावर आपटते, म्हणून नुसत्या गुणांवर थांबू नका. त्यांच्या त्या १० विजयांपैकी बहुतेक एका गोलाच्या फरकाचे होते, बरेच ओव्हरटाइम किंवा शूटआउटमधले. ओव्हरटाइम ५ मिनिटांचा, ३ विरुद्ध ३ खेळाडूंचा. शूटआउट तर वेगळाच प्रकार. तिथे जिंकणं हे ५ विरुद्ध ५ मध्ये, म्हणजे नेहमीच्या खेळात, भारी असण्याचं लक्षण नाही. गुणतक्त्यात 'आरडब्ल्यू' नावाचा रकाना असतो, फक्त ६० मिनिटांत मिळवलेले विजय. एकूण विजयांच्या शेजारी तो ठेवा. दोघांत मोठी दरी दिसली की सावध व्हायचं.

सातपुडा, शिरपूर

वरच्यात पीडीओ राहिला. हाताने काढता येतो, कॅल्क्युलेटर पुरतो.

आपल्या शॉटपैकी किती टक्के गोल झाले ते काढा. समोरच्याच्या शॉटपैकी आपल्या गोलकीपरने किती टक्के अडवले ते काढा. दोन्हींची बेरीज म्हणजे पीडीओ. लीगमधला प्रत्येक शॉट एक तर आत जातो किंवा अडतो, त्यामुळे सगळ्या टीमा मिळून ही बेरीज १०० च येते. समजा १६ सामन्यांत ४८० शॉट मारून ६४ गोल केले, १३.३ टक्के. समोरच्यांनी ४६४ शॉट मारून ३५ गोल केले, म्हणजे ९२.५ टक्के अडवले. बेरीज १०५.८. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, जेट्सचे नाहीत. ८२ सामन्यांनंतर १०२ च्या वर फार थोड्या टीमा टिकतात, १०५ म्हणजे नशिबाचा हातभार मोठा आहे.

मोजताना चुका होतात त्या अशा. शूटआउट जिंकलं की अंतिम स्कोअरमध्ये एक गोल जास्त दाखवतात, तो शॉटमधून आलेला नसतो, वजा करा. शेवटच्या दोन मिनिटांत मागे असलेल्या टीमने जादा खेळाडूसाठी गोलकीपर काढलेला असताना रिकाम्या जाळीत गेलेले गोल दोन्ही बाजूंनी वगळा, नाहीतर आघाडीवरच्या टीमचा आकडा उगाच फुगतो. पक (हॉकीची रबरी चकती) खांबाला लागला तर तो 'शॉट ऑन गोल' धरत नाहीत, मध्येच बचावपटूने अडवलेलाही नाही. काही जण तेही मोजतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात.

जमलं तर फक्त ५ विरुद्ध ५ चे आकडे घ्या. 'नॅचरल स्टॅट ट्रिक' या साइटवर ते वेगळे मिळतात.

पांझरा

सातपुडा दादांचं गणित बरोबर, पण १०५ दिसलं की लगेच 'नशीब' म्हणू नये. पीडीओचे दोन तुकडे वेगळे वाचा, कारण दोन्ही सारखे टिकाऊ नसतात.

गोल होण्याची टक्केवारी लवकर घसरते. वेगास गोल्डन नाइट्सचा विल्यम कार्लसन बघा. २०१७-१८ मध्ये ४३ गोल, शंभर शॉटमागे २३ आत. सध्या लीगची सरासरी दहा-साडेदहा आहे. पुढच्या हंगामात त्याचे २४ गोल झाले. खेळाडू तोच, लाइनमधले सोबतीही तेच. पहिल्या महिन्यात पूर्ण टीमच १३ टक्क्यांवर असेल तर तो आकडा उतरणारच.

अडवण्याच्या टक्केवारीत मात्र आधी विचारा, जाळीत कोण उभा आहे? जेट्सकडे कॉनर हेलेबक होता. २०२० आणि २०२४ ची व्हेझिना ट्रॉफी (सर्वोत्तम गोलकीपरची) आधीच त्याच्या नावावर. २०२४-२५ चा त्याचा आकडा शेवटपर्यंत ९२.५ टक्के राहिला, लीगची सरासरी ९० च्या आसपास असताना. त्या वर्षी पुन्हा व्हेझिना, वर सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी. असा माणूस असेल तर पीडीओतले दीड-दोन टक्के 'खरे' समजायला हरकत नाही. हाच आकडा पहिल्यांदाच पूर्ण हंगाम खेळणाऱ्या गोलकीपरचा असता तर अर्धाही खरा धरला नसता.

कोलोरॅडो २०१३-१४ हे मधलं प्रकरण. पहिल्या १३ पैकी १२ विजय, शेवटी ११२ गुण. शॉटची संख्या बहुतेक सामन्यांत समोरच्याची जास्त, आणि जाळीत वार्लामोव्ह ९२.७ टक्क्यांवर. तो हंगाम तरून गेला, पुढच्या हंगामात ९० गुण आणि प्लेऑफ हुकला. म्हणून टीम शॉटमध्ये मागे आणि गोलकीपर भारी असेल तर त्या हंगामापुरता विश्वास ठेवा, पुढच्यापुरता नको.

आणि शॉटची तुलना करताना हेही बघा: दोन गोलांनी पुढे असलेली टीम मागे सरकून खेळते, समोरच्याला लांबून मारू देते. सतत आघाडीवर असलेल्या टीमचे शॉट त्यामुळे कमी दिसतात. स्कोअर बरोबरीत असतानाचे आकडे वेगळे काढा, किंवा स्कोअरनुसार दुरुस्त केलेले घ्या.

तापीकाठ, भुसावळ

उपयोगी आहे, आभार. एक शंका. नशिबाने १५-१ झालं असेल, तर पुढे तेवढ्याच जास्तीच्या हारी येऊन हिशेब बरोबर व्हायला हवा ना? म्हणजे सुरुवात फुगलेली असेल तर पुढचे दोन महिने वाईट जाणार असं धरायचं का?

धरणगावकर

नाही. इथेच निम्मे लोक गडबडतात. नशीब उलटं फिरत नाही, फक्त साथ सोडतं. १.३० ची टीम पुढेही १.३० नेच खेळेल, आधी जास्त मिळालं म्हणून ०.९० वर उतरणार नाही. मुहूर्ताच्या कापसाला जिनिंगवाला चढा भाव देतो, हंगामभर तो भाव कुणी धरत नाही. पण मुहूर्ताला ज्याने माल घातला त्याच्या खिशातले पैसे कुणी परत मागायला येत नाही. गुणांचंही तसंच.

हिशेबात मांडा. प्लेऑफसाठी साधारण ९५ गुण लागतात. १६ सामन्यांत ३० जमा झाले की उरलेल्या ६६ मधून ६५ हवेत, सामन्यामागे एकही नाही. सरासरीपेक्षा कमी टीमही ते करून जाते. वर एनएचएलची ती जादा वेळेची पद्धत. बरोबरीच्या सामन्यात दोन्हींना मिळून ३ गुण जातात, त्यामुळे मागच्याला अंतर कापायला फार वेळ लागतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. त्या दिवशी प्लेऑफच्या जागेवर असलेल्या चारातल्या साधारण तीन टीमा शेवटी तिथेच असतात. सेबर्स हे त्या चौथ्याचं उदाहरण.

ब्लूलाइन, धुळे

बठ्ठं खरं शे, भाऊ. पॉवरप्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) मात्र कुणीच काढला नाही, आणि जेट्सच्या त्या सुरुवातीत तोच सगळ्यात फुगलेला होता.

सुरुवातीला त्यांचा पॉवरप्ले ४० टक्क्यांच्या आसपास चालला होता. लीगची सरासरी साधारण २१. पूर्ण हंगामाचा विक्रम एडमंटनचा, २०२२-२३ मध्ये ३२.४. मग ४० टिकणार कुठून? १६ सामन्यांत ४८ संधी धरा. ४० टक्क्यांनी १९ गोल, २१ टक्क्यांनी १०. फरक ९ गोलांचा. ढोबळमानाने ६ जादा गोलांमागे एक विजय पडतो, म्हणजे दीड विजय, ३ गुण. ३० मधले ३ एवढ्यातूनच आले.

पण सगळीच हवा नव्हती. ब्लूलाइनवर (समोरच्याच्या भागाच्या सुरुवातीची रेघ) जॉश मॉरिसी, जाळीसमोर गेब विलार्डी, नेम धरायला काइल कॉनर आणि मार्क शायफली. हंगामअखेर जवळपास २९ टक्के, लीगमध्ये पहिला नंबर. आदल्या वर्षी हाच पॉवरप्ले १९ च्याही खाली होता. म्हणजे सुधारणा खरी, फक्त ४० खोटे.

आणि एक, हे सगळं गणित ८२ सामन्यांच्या साखळीचं आहे. प्लेऑफला लावायला जाऊ नका. २०२५ च्या पहिल्या फेरीत सेंट लुईसमधल्या तिन्ही सामन्यांत हेलेबकला मधेच बाहेर काढावं लागलं. सातवा सामना त्यांनी दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये कसाबसा काढला, आणि पुढच्या फेरीत डॅलसने घरी पाठवलं. सात सामन्यांत काहीही होतं.

सातपुडा, शिरपूर

आपल्या हॉकी इंडिया लीगला ही रीत कुणी लावणार असेल तर एवढंच सांगतो: ३५ सामने मिसळण्याचा नियम तिथे चालायचा नाही. ती लीगच महिनाभराची. तिथे गोलफरकातून पेनल्टी कॉर्नरचे गोल वेगळे काढा, पॉवरप्लेच्या जागी तेच. २०२५ ची अंतिम लढत बेंगाल टायगर्सने हैदराबाद तूफान्सविरुद्ध ४-३ जिंकली, त्यात एकट्या जुगराज सिंगचे तीन गोल. असा ड्रॅग-फ्लिकर (पेनल्टी कॉर्नर मारणारा) जखमी झाला तर टीमचा आकडा रातोरात बदलतो.

तापीकाठ, भुसावळ

ठरलं मग. येत्या हंगामात तक्ता ठेवतो: ६० मिनिटांतले विजय, रिकामी जाळी वगळून गोलफरक, पीडीओचे दोन तुकडे, पॉवरप्लेच्या संधी आणि गोल. आकडे कधी उतरवायचे, सामना संपल्या संपल्या?

पांझरा

नको. विनिपेगचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे ५:३० ला सुरू होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग ६:३० ला. सामना संपतो आठ-नऊच्या सुमारास, पण शॉट आणि गोल कुणाच्या नावावर यात नंतर दुरुस्त्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवा. आणि तक्त्यात एक रकाना वाढवा: जाळीत कोण होता. हेलेबक त्या हंगामात ६३ सामने खेळला, बाकीच्यांत पर्यायी गोलकीपर होता. सलग दोन दिवस सामने असले की बहुधा दुसऱ्या दिवशी पर्यायीच उतरतो, समोरच्या टीमचाही. तो रकाना नसेल तर 'मोठ्या टीमला हरवलं' म्हणून जे विजय मांडाल, त्यातले काही त्यांच्या दुसऱ्या गोलकीपरविरुद्धचे निघतील.