साठेखताची मुदत टळली की विकणारा मोकळा?

गुहागरकर: वेळणेश्वरच्या बाजूला आमच्या शेजारच्या काकांची पाऊण एकर कलमांची बाग. साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, रजिस्टर झालं, दहा टक्के विसार मिळाला, बाकी रक्कम सहा महिन्यांत द्यायची असं ठरलं. आता आठवा महिना चालू आहे. घेणारा म्हणतो, 'पुण्यातला फ्लॅट गेला की देतो.' तेवढ्यात लगतची जागा दीडपट भावाने गेली. मी म्हणतो, मुदत संपली, व्यवहार संपला. विसार ठेवून घ्या आणि दुसरं गिऱ्हाईक बघा.

कोर्टाची_पायरी: इतकं सोपं नाही. स्थावराच्या करारात तारीख लिहिली म्हणून मुदत हीच कराराची मुख्य अट, असं कोर्ट धरून चालत नाही. चाँद रानी विरुद्ध कमल रानी, १९९३, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. तसं करारात स्पष्ट लिहिलेलं हवं किंवा परिस्थितीवरून दिसायला हवं. एरवी आधी नोटीस, पैसे भरायला वाजवी अवधी, आणि तरीही नाही आले तर रद्द. भाव चढला हे काही कारण नव्हे. उलट करार प्रत्यक्ष पाळायला लावणाऱ्या कायद्यातल्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) २०१८ च्या दुरुस्तीनंतर 'नुकसानभरपाई घे नि गप्प बस' असं खरेदीदाराला सांगायची कोर्टाची मोकळीक बरीच आटली आहे.

देवगडचो: कायदो ऱ्हवांदे बाजूक. पैशे नाय, खरेदीखत नाय, आणि म्हाताऱ्यान तीन वर्सा वाट बघूची? पोराच्या लग्नाक काय साठेखत दाखवतलो?

कोर्टाची_पायरी: दादा, तीन वर्षं ही दावा लावायची मुदत, थांबून राहायची नव्हे. आणि दाव्यात आपण पहिल्यापासून पैसे द्यायला तयार होतो, ऐपतही होती, हे खरेदीदारालाच सिद्ध करावं लागतं. नुसतं 'फ्लॅट गेला की' म्हणणाऱ्याला ते जड जाईल. म्हणूनच नोटीस हवी. रीतसर रद्द केल्याचं पत्र गेलं असेल तर ते रद्द करणंच बेकायदेशीर, असं खरेदीदाराला कोर्टाकडून जाहीर करून मागावं लागतं. २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

सातबारावाली: सगळे घेणाऱ्याच्याच मागे का लागलात? सातबाऱ्यावर नावं किती, ते सांगा आधी. कोकणात अर्धे व्यवहार तिथेच अडकतात.

गुहागरकर: काका आणि दोन बहिणी. धाकटी विरारला असते, तिची सही राहिली आहे. पण तिने नाही कधीच म्हटलेलं नाही.

सातबारावाली: बघा! सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणायचं साठेखतात काकांनी कबूल केलं असेल, तर आधी त्यांचीच बाजू अपुरी आहे. अशा वेळी मुदतीचं बोट दुसऱ्याकडे कसं दाखवणार? विसार जप्त करणं तर दूरच, व्याजासकट परत द्यायची पाळी यायची.

गुहागरकर: सही एका दिवसाचं काम आहे. त्याने पैसे दाखवावेत, आत्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल. दोन महिने पैशाचा पत्ता नाही आणि दोष काकांचा?

देवगडचो: बरोबर! आधी पैसो, मगे सही.

सातबारावाली: मग तेच नोटिशीत लिहा ना. 'अमुक तारखेला तिघंही दुय्यम निबंधकांकडे हजर राहतो, बाकी रक्कम घेऊन या.' आत्याला त्या दिवशी खरंच आणा. तो आला नाही तर काकांचं पारडं जड. आणि गुपचूप दुसऱ्याला विकायचा विचार असेल तर सोडा. साठेखत रजिस्टर आहे, नवा घेणारा सर्च काढील तेव्हा पहिलं तेच दिसेल. माहीत असून घेतलं तर पहिल्याचा दावा त्याच्याही गळ्यात.

गुहागरकर: नोटीस पाठवायला सांगतो. पण वाढीव भाव काकांना मिळू नये, हे मला अजूनही पटलेलं नाही.