लठ्ठपणा, स्थूलता की मेदवृद्धी? दवाखान्यातल्या पत्रकासाठी शब्द हवा आहे

पानफुटी:
तालुक्याच्या दवाखान्यांत वाटायच्या एका पत्रकाचं मराठी करते आहे. विषय आहे वाढलेलं वजन आणि त्यातून होणारे आजार. मूळ मजकुरात ‘ओबेसिटी’ हा एकच शब्द ओळीओळीला येतो. मराठीत त्याला लठ्ठपणा, स्थूलता, मेदवृद्धी असे पर्याय आहेत. पण ‘लठ्ठपणा’ वाचून बाई पत्रकाची घडी घालून पिशवीत टाकेल, आणि ‘स्थूलता’ वाचून हे आपल्याबद्दल आहे असं तिला वाटणारच नाही. डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही चालेल असा शब्द आहे का? तुमच्याकडे लोक काय म्हणतात तेही सांगा.

ओसरी:
‘लठ्ठ’ ही मुळात शिवी नाही. लठ्ठ पगार, लठ्ठ देणगी आपण कौतुकाने म्हणतो. माणसाला लावला की मात्र तोच शब्द बोचतो. म्हणून बोलण्यात त्याला बगल देणारे किती प्रयोग तयार झालेत बघा. बाळ गुटगुटीत असतं, बाळसं धरतं. लग्नाची मुलगी ‘जरा अंगाने’ असते. पुरुष ‘खात्यापित्या घरचा’. चाळिशीत पोट सुटतं, बाळंतपणानंतर अंग सुटतं. यातलं ‘सुटणं’ मला फार बोलकं वाटतं. पोट सुटतं, माणूस ते सोडत नाही, त्यामुळे दोष कुणावरच येत नाही.

‘चरबी’ मात्र टाळा. ‘चरबी चढलीय’ म्हणजे माज आलाय. डॉक्टरांनी शास्त्रीय अर्थाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला तो टोमणाच वाटतो.

वैद्य_कोकण:
चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायाचं नाव ‘अष्टौनिन्दितीय’. निंदित मानलेल्या आठ शरीरांत अतिस्थूलही आहे आणि अतिकृशही. म्हणजे निंदा जुनीच. पण त्याच अध्यायात अतिस्थौल्याची कारणं देताना जड-गोड खाणं, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्या पंक्तीला ‘बीजस्वभाव’ही बसवला आहे, म्हणजे आईवडिलांकडून आलेलं. हे एवढं एक कारण दवाखान्यात कुणी बोलून दाखवत नाही, आणि पेशंटला ते ऐकण्याची सर्वांत जास्त गरज असते. माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात ‘मेदोरोग’ असा स्वतंत्र अध्यायच आहे. शब्दातच ‘रोग’ आहे म्हणून मला तो जवळचा वाटतो. पत्रकासाठी जड आहे हे मान्य.

रोजची_ओपीडी:
सातारा जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करते. शब्दापेक्षा वाक्य कसं बनतं तिकडे लक्ष द्या, असं मी म्हणेन. ‘मला शुगर आहे’, ‘ह्यांना बीपी आहे’, ‘आईंना दमा आहे’ असं लोक म्हणतात. ‘मला लठ्ठपणा आहे’ असं मी कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही. ‘मी जाड आहे’ म्हणतात. शुगर माणसाला असते, आणि जाड तो माणूसच असतो. आम्ही डॉक्टरही वेगळं करत नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात ‘ओबीस’ असं विशेषण लिहितो आणि निदान म्हणून गुडघेदुखी.

2019 साली 11 देशांतल्या पेशंट आणि डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत त्यात नव्हता, पण वाचताना मला माझी ओपीडी दिसली. 71 टक्के डॉक्टरांचं मत होतं की या पेशंटना वजन कमी करण्यात रसच नाही. प्रत्यक्षात रस नाही म्हणणारे पेशंट होते 7 टक्के. आणि 81 टक्के पेशंट म्हणत होते की वजन उतरवणं ही सर्वस्वी माझीच जबाबदारी. वजनाशी झगडा सुरू झाल्यापासून डॉक्टरांशी पहिल्यांदा बोलणं होईपर्यंत सरासरी 6 वर्षं गेली होती. दम्याच्या बाबतीत एवढी वाट कोण बघतं?

उंबरठा:
बोलणं का होत नाही ते मी सांगते. गुडघ्यासाठी गेले होते. वजनकाटा बाहेर, बाकांवर बसलेल्या सगळ्यांसमोर. सिस्टरनी आकडा आतल्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा सांगितला. आत बीपीचा पट्टा दंडाला पुरेना. त्यांनी ओढून लावला, पंप दाबताच चर्र करून सुटला, पुन्हा लावला, आणि वर ‘बीपीपण वाढलंय’. पुढे दुसऱ्या ठिकाणी मोठा पट्टा लावला तेव्हा आकडा बराच खाली आला. गुडघ्याला हातसुद्धा न लावता मला सांगितलं, ‘तोंडावर ताबा ठेवा.’

मला ‘लठ्ठपणा’ शब्दाचा राग नाही. ‘वजनाबद्दल बोललं तर चालेल का?’ असं आधी विचारलं असतं, तर मी सगळं सांगितलं असतं. सासरी किती वाजता जेवायला मिळतं, रात्रपाळी कधी असते, काय काय करून पाहिलं, सगळं.

रोजची_ओपीडी:
ताई, पट्ट्याचं तुमचं अगदी बरोबर. दंडाला लहान पडणारा पट्टा लावला की बीपी खोटं जास्त दिसतं. मोठा पट्टा प्रत्येक दवाखान्यात असलाच पाहिजे.

बांधावरून:
माझी हरकत ‘आजार’ म्हणण्यालाच आहे. आमच्याकडे अंगापिंडाने थोराड माणसं दिवसभर शेतात राबतात. त्यांच्यावर आजाराचा शिक्का कशाला?

रोजची_ओपीडी:
रास्त हरकत आहे. जानेवारी 2025 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हाच भेद केला. चरबी जास्त आहे पण अवयवांचं काम आणि रोजचे व्यवहार नीट चाललेत, तो एक गट. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. चरबीमुळे धाप, सांधे, यकृत, झोपेतला श्वास असं काही बिघडलंय, तो दुसरा. आजार म्हणायचं ते दुसऱ्याला.

उलट बाजूही सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडे अंगाने बारीक माणसाच्या पोटातही चरबी साठलेली असते. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची बीएमआयची रेघ 30 ऐवजी 25 वर ओढतात. ‘लठ्ठ’ म्हटलं की असा माणूस ‘ते आपलं नाही’ म्हणून पत्रक बाजूला ठेवतो. त्याच्यापर्यंत ‘पोट सुटणं’ हाच प्रयोग पोचेल.

ओसरी:
शब्द बदलल्याचं आपल्याकडे एक उदाहरण आहे. ‘महारोगी’ हा शब्द इतका सरळ वापरात होता की 1949 साली वरोऱ्याला बाबा आमट्यांनी काढलेल्या संस्थेच्या नावातही तो आहे. आज बोलताना आणि लिहिताना आपण कुष्ठरोग म्हणतो. पण खरी कलाटणी मिळाली ती उपचारांमुळे. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचारांची शिफारस केली आणि रोग बरा होताना लोकांना दिसू लागला. वजनाच्या बाबतीतही आता औषधं आहेत. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली. आली तेव्हा त्यांचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा होता. पत्रकात त्यांचा नुसता उल्लेख करून मोकळं होऊ नका. ती कुणासाठी आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय का घ्यायची नाहीत, हेही लिहा.

पानफुटी:
मग असं करते. शीर्षकात ‘वाढलेलं वजन, सुटलेलं पोट’. आत आजाराचं नाव म्हणून ‘लठ्ठपणा’, आणि वाक्य नेहमी ‘लठ्ठपणाचा त्रास असेल तर’ असं. ‘लठ्ठ व्यक्ती’, ‘स्थूल रुग्ण’ कुठेही नाही. ‘बीजस्वभाव’ सोप्या शब्दांत पहिल्याच परिच्छेदात: काहींच्या घराण्यातच हे येतं, त्यात त्यांचा दोष नाही. डॉक्टरांसाठी शेवटी वेगळी चौकट, त्यात उंबरठाताईंचा प्रश्न जसाच्या तसा. आता एकच अडकलंय. ‘कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा कमी हवा’ हे वाक्य ठीक आहे ना?

रोजची_ओपीडी:
आकडे बरोबर, ‘कंबर’ नको. कंबर म्हटलं की बायका परकराची नाडी बांधतात तिथे टेप लावतात आणि पुरुष पोटाखालच्या पट्ट्यापाशी. दोन्हीकडे घेर नीट मोजला जात नाही. ‘पोटाचा घेर’ लिहा, आणि खाली: सर्वांत खालची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका.