मदत हवी आहे: परीक्षेत पास, फोनवर गप्प. हेल्पडेस्कच्या नव्या लोकांना नेमकं शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

आमच्या कंपनीच्या अंतर्गत हेल्पडेस्कवर सहा नवे लोक आलेत. दोघं कॉलेजमधून थेट, चौघं आमच्याच दुसऱ्या विभागांतून. त्यांना पहिल्या फळीसाठी, म्हणजे युजरचा फोन सगळ्यांत आधी घेणाऱ्यांत, तयार करायचं काम माझ्याकडे आहे. सहा आठवडे मिळाले होते, त्यातले तीन मी वर्गात घालवले. हार्डवेअर, विंडोज, नेटवर्कची तोंडओळख, तिकीट प्रणाली (प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवायची), सगळं झालं. शेवटी लेखी परीक्षा घेतली आणि सहाही जण पास. मी खूश.

सोमवारी त्यांना फोनवर बसवलं. मी दुसरा हेडफोन लावून शेजारी ऐकत होते. पहिलाच कॉल "नेट चालत नाहीये" असा. आमच्या पठ्ठ्याने एकही प्रश्न न विचारता रिमोट, म्हणजे दुरूनच त्या संगणकाचा ताबा, घ्यायचा प्रयत्न केला. अहो, नेटच नाही तर रिमोट कुठून मिळणार? मग तो उठून युजरच्या जागेवर गेला, नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर काढला, पेन ड्राइव्हवरून परत टाकला. चाळीस मिनिटांनी मी जाऊन बघितलं तर आयपी पत्ता 169.254 ने सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीकडून (नेटवर्कवर संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच एक घेऊन टाकलाय. आदल्या दिवशी टेबल हलवलं होतं आणि केबल चुकून कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या सॉकेटमध्ये गेली होती. त्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या त्या वेगळ्या काढलेल्या भागात) डीएचसीपीच नाही. "काल काही हलवलंत का?" एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

वाईट याचं वाटलं की याच मुलाने पेपरात डीएचसीपीकडून पत्ता मिळण्याचे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक्नॉलेज हे चारही टप्पे आकृतीसकट लिहिले होते.

बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. माहिती आहे, पण समोरचा बोलायला लागला की सुचत नाही. मग एक तर तोंडाला कुलूप, नाहीतर थेट "फॉरमॅट मारावा लागेल". उरलेल्या तीन आठवड्यांत काय करू? प्रमाणपत्राचा कोर्स लावू का? की थेट कॉलवर सोडून देऊ, पडत-धडपडत शिकतील?

प्रतिसाद १

वर्ग बंद करा आणि बिघडलेली मशीन समोर ठेवा. आम्ही व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये आभासी मशीन (संगणकातच चालणारे नकली संगणक) उभी करतो. विंडोज एंटरप्राइझची चाचणी आवृत्ती 90 दिवस आणि सर्व्हरची 180 दिवस फुकट चालते, प्रशिक्षणाला तेवढं पुष्कळ. स्नॅपशॉट घ्यायचा (म्हणजे मशीन परत होतं तसं करता येतं), मग एकाने मशीन बिघडवायचं आणि दुसऱ्याने दुरुस्त करायचं. डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) पत्ता चुकीचा टाका, स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) बंद करा, घड्याळ दहा मिनिटं मागे न्या. घड्याळाचा बिघाड माझा लाडका आहे. केर्बेरॉस, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर लॉगिनची ओळख तपासणारी पद्धत, साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही नेटवर्कवरचं फोल्डर उघडत नाही आणि सगळे पासवर्डच्या मागे लागतात.

नियम एकच: पहिली दहा मिनिटं दुरुस्त करणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. बिघडवणारा युजर होऊन बसतो, त्याला फक्त प्रश्न विचारायचे. कधीपासून? शेजाऱ्याचं चालतंय का? स्क्रीनवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवाल का? पहिल्या दिवशी दहा मिनिटं खायला उठतात. आठवड्याभरात पुरत नाहीत.

प्रतिसाद २

प्रमाणपत्राबद्दल: कॉम्पटिया ए प्लस या सुरुवातीच्या आयटी प्रमाणपत्राचे दोन पेपर असतात, प्रत्येकी 90 मिनिटं आणि जास्तीत जास्त 90 प्रश्न. शब्दसंग्रह पक्का होतो, बायोडाटाला वजन येतं. पण तीन आठवड्यांत त्याच्या मागे लावलंत तर परत घोकंपट्टीच होईल. त्यातली बिघाड शोधायची पद्धत मात्र उचला: समस्या ओळखा, अंदाज बांधा, तो तपासा, उपाय ठरवून करा, सगळं नीट चालतंय याची खात्री करा, लिहून ठेवा. तुमचा मुलगा पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर गेला.

प्रतिसाद ३

मी गेल्या वर्षी तुमच्या त्या सहा जणांच्या जागी होतो, म्हणून लिहितोय. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. तांत्रिक भीती नव्हती, शांततेची होती. समोरचा थांबलाय, मला काही आठवत नाहीये आणि प्रत्येक सेकंद मोजला जातोय असं वाटायचं. मग काहीतरी करून दाखवायचं म्हणून हाताला येईल ते करायचो.

आमच्या सिनियरने एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: "मी तपासतोय, दोन मिनिटं लाइनवर थांबाल का, की मी फोन करू?" उत्तर माहीत नसलं तरी हरकत नाही, ही परवानगी मिळाल्यावर डोकं चालायला लागलं.

आणि युजरवर विश्वास ठेवा, पण टास्क मॅनेजरही बघा. "मी आत्ताच बंद करून चालू केलाय" असं एक बाई शपथेवर सांगत होत्या आणि अपटाइम (संगणक सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) अकरा दिवस! खोटं बोलत नव्हत्या. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आहे. शट डाउन केलं तरी कर्नल (विंडोजचा गाभा) डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. पूर्ण नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. हे कळेपर्यंत मी मनातल्या मनात निम्म्या ऑफिसला खोटारडं ठरवलं होतं.

प्रतिसाद ४

वरच्या सगळ्यांना +१, पण पासवर्डचा मुद्दा कुणीच काढला नाही. पहिल्या फळीच्या हातात पासवर्ड बदलून द्यायची चावी असते. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या कॅसिनो कंपनीत घुसखोर शिरले ते हेल्पडेस्कला फोन करून, कर्मचारी असल्याचं भासवून. त्यामुळे ओळख पटवल्याशिवाय रीसेट नाही, मग पलीकडे साहेब असोत नाहीतर साहेबांचे साहेब. स्वतः चिडका साहेब बनून फोन करा आणि कोण बधतं ते बघा. नकार द्यायचा सराव करावा लागतो, तो आपोआप जमत नाही. आणि ज्याने नकार दिला त्याच्या पाठीशी उभं राहायची तयारी तुम्हीही ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आठवडा झाला म्हणून कळवते. दहा मिनिटांचा नियम लागू केला, उपयोग होतोय. साहेब बनून केलेल्या फोनला सहापैकी चौघं बधले. नियम माहीत होता हो सगळ्यांना, पण आवाज चढवला की हात आपोआप रीसेटकडे.

नवीन डोकेदुखी तिकिटांची. एका युजरचं खातं एकाच दिवशी चार वेळा लॉक झालं. चार वेगवेगळ्या जणांनी ते उघडून दिलं आणि चारही तिकिटांत एकच ओळ: "अनलॉक केलं." पाचव्या वेळी मी बघितलं. बाईंनी सकाळी पासवर्ड बदलला होता आणि मोबाइलवरचं मेलचं अ‍ॅप जुनाच पासवर्ड घेऊन दर थोड्या वेळाने दार वाजवत होतं. एकाने जरी "आज पासवर्ड बदललाय" असं लिहिलं असतं तरी पुढच्याला धागा सापडला असता. आता नियम केलाय: युजर काय म्हणाला, मी काय पाहिलं, काय केलं आणि चाललं हे कुणी बघितलं, या चार गोष्टींशिवाय तिकीट बंद होणार नाही.

एक जण मात्र अडलाय. वयाने सगळ्यांत मोठा, दुसऱ्या विभागातून आलेला. तिकिटं सगळ्यांत सुंदर लिहितो, बिघाडही पटकन शोधतो. पण फोन वाजला की पाणी प्यायला उठतो. याचं काय करू? मेल आणि चॅटवरच ठेवू का?

प्रतिसाद ३

थोडे दिवस ठेवा चॅटवर. पण त्यांना फोन नकोय, की कुणी ऐकत असताना फोनवर बोलणं नकोय? आधी एवढं विचारा.

धागाकर्ती

विचारलं. दुसरं निघालं. उद्यापासून माझा हेडफोन ड्रॉवरमध्ये.