ओट्याखालचं काम: काँट्रॅक्टरला मटेरियलसकट द्यावं की प्लाय आपण आणावा?

कोथरूडकरीण
फ्लॅट जुना, ओटा 'एल' आकाराचा, खाली कडाप्प्याचे कप्पे आणि गंजलेल्या ट्रॉल्या. सगळं काढून नवीन कपाटं करायला काँट्रॅक्टरने मटेरियलसकट २,७०,००० सांगितलेत, वर १८ टक्के जीएसटी. माझं मत: प्लाय, लॅमिनेट, चॅनेल, बिजागऱ्या आपण आणाव्यात आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्यावी. लॅमिनेट चिकटल्यावर आतला प्लाय कोण बघतो? ज्यांना पटत नाही त्यांनी का ते सांगावं.

पक्कं_बिल
नाही पटत. शटर वाकलं की मिस्त्री म्हणणार, "ताई, प्लायच तसला होता." प्लायवाला म्हणणार, "बसवणाऱ्याने घोळ घातला." मध्ये तुम्ही. शिवाय ८ बाय ४ च्या शीटमधून किती तुकडे निघतील हे मिस्त्रीच ठरवणार. "अजून दोन शीट लागतील" म्हणाला की मुकाट्याने आणायच्या.

कोथरूडकरीण
आणीन की! पण कापायच्या आधी शीटवरचा 'आयएस ७१०' शिक्का, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, माझ्या डोळ्यांनी बघेन. काँट्रॅक्टरकडून कपाटांची तयार खोकी येतात, त्यात काय बघणार?

पक्कं_बिल
मग कोटेशनमध्येच लिहून घ्या. सिंकखाली आयएस ७१०, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा प्लाय. 'ब्रँडेड हार्डवेअर' या दोन शब्दांवर सही करू नका, कंपनी आणि मॉडेल हवं. शेवटचे १० टक्के सगळी शटरं एका रेषेत आल्यावरच. "बिल नको, जीएसटीचे ४८,६०० वाचतील" असं कोणी म्हणालं तर हात जोडा. पक्कं बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार उभी राहते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीही नाही. मजुरीवर काम दिलंत तर मिस्त्रीकडून कसलं बिल मागणार?

सातारी_ठेचा
कडाप्पा काढायचाच कशाला? त्याला वाळवी लागत नाही, सिंक गळलं तरी तो फुगत नाही. नव्या स्टीलच्या ट्रॉल्या घाला, पुढे शटरं लावा, झालं. वरचा ग्रॅनाइट त्या उभ्या फळ्यांवरच टेकलेला असतो. फळ्या काढताना त्याला तडा गेला की नवा ग्रॅनाइट, मग टाइल्स, मग प्लंबर. हे २,७०,००० मध्ये धरलंय का, आधी विचारा.

पक्कं_बिल
कडाप्प्याच्या फळ्या काटकोनात असलेल्या कुणी पाहिल्यात? प्रत्येक ट्रॉली वेगळ्या मापाची करावी लागते. बिजागरीसाठी लाकडी पट्टी ठोकतात, आणि कुजते ती तीच.

सातारी_ठेचा
पट्टी कुजली तर पट्टी बदलू. अख्खं खोकं नाही बदलावं लागत.

मोजपट्टी
भांडण चालू द्या, पण दर रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, आहे का? 'एल'मध्ये कोपरा दोनदा मोजतात. भिंती १० आणि ८ फूट, म्हणून १८ लावतात. ओटा २ फूट खोल, म्हणजे खरे १६.

कोथरूडकरीण
आत्ताच कोटेशन काढलं. खालच्या कपाटांना १८ फूट धरलेत, दर ९,०००. म्हणजे १८,००० नुसत्या कोपऱ्याचे!

पक्कं_बिल
विचारा त्याला. पण कोपऱ्यातलं कपाट करायला काम जास्त लागतं, असं तो म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही.

कोथरूडकरीण
तर मग कोपऱ्याचा दर वेगळा लिहून देऊ दे. मजुरीबद्दलचं माझं मत तेच आहे.