प्रतिसाद: कन्सोल तोट्यात, कमाई गेममध्ये?

‘सगळ्याच कंपन्या कन्सोल तोट्यात विकतात आणि गेमवर कमावतात’ हे वर आलेलं विधान निन्टेंडो या जपानी गेम कंपनीला सरसकट लागू नाही. (कन्सोल म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र.) त्यांचा वी यू हा कन्सोल (२०१२) सुरुवातीला तोट्यात विकला, पण असे प्रसंग थोडे. एरवी यांचा सूर म्हणजे जुनं, स्वस्त तंत्र घ्या आणि खेळ भन्नाट करा. १९८९चा गेम बॉय हा हातात धरायचा कन्सोल बिनरंगी पडद्याचा होता, पण बॅटरी टिकायची आणि किंमत आवाक्यात. निन्टेंडोचे अभियंते गुनपेइ योकोइंचं डोकं ते!

खरी मेख परवान्यात. १९८५ नंतर अमेरिकेत निन्टेंडोच्या एनईएस या कन्सोलसाठी बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढायची मुभा होती. वर कार्ट्रिज (गेम साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायची, पैसे आधी मोजून. गेम पडला तरी निन्टेंडोचं काही जात नसे. बिनपरवाना कार्ट्रिज चालू न देणाऱ्या कुलूपचिपमुळे चोरवाटही अवघड. (आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला ‘टीव्ही गेम’ त्याच यंत्राची नक्कल होता, हे फार उशिरा कळलं.)

आणि हो, कंपनी १८८९ची, क्योतोतली, हानाफुदा पत्ते बनवणारी. पत्त्यांना जपानी शब्द ‘कारुता’, मूळ पोर्तुगीज ‘कार्ता’. सोळाव्या शतकात नागासाकीला जाणारी पोर्तुगीज जहाजं आपल्या गोव्याहूनच सुटायची. चवथीच्या रात्री पत्ते कुटताना सांगायला बरं!